ओटा बसवण्याआधी

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीत भाड्यानं घेतलेल्या घरात स्वयंपाकघरच नाही, ओटा, कपाटं, सिंक सगळं आपलं आपण आणून बसवायचं, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा तुझ्या आईला खरं वाटेना. मला मात्र मनापासून आनंद झाला. सुताराच्या घरात वाढलीस आणि आता स्वतःच्या हातानं ओटा बसवणार आहेस. तू विचारलंस, "बाबा, कुठली कुठली मशिनं घेऊ?" हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून सावकाश लिहायला बसलो.

मशिनांचं नंतर सांगतो. काम कापताना क्वचितच बिघडतं. ते बिघडतं माप घेताना, आणि वस्तू घट्ट न पकडता कापायला लागल्यामुळे. साइटवर नवी पोरं येतात ती आधी कटरला हात घालतात. फळी गुडघ्याखाली दाबून ठेवायची, पेन्सिलीची जाड रेघ मारायची आणि सुरू. मग फट राहिली की मशिनला नावं ठेवायची. म्हणून तुझ्या पैशातला पहिला हिस्सा टेप, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), लेव्हल (पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी) आणि शिकंजे (वस्तू आवळून धरणारे क्लॅम्प) यांच्यावर खर्च कर. माझ्या पेटीतली सगळ्यांत आवडती हत्यारं हीच आहेत, आणि यांतलं एकही काही कापत नाही.

टेपच्या टोकाचा लोखंडी हुक थोडा हलतो. सैल झालाय असं समजून तो ठोकून घट्ट करू नकोस, मुद्दामच तसा ठेवलेला असतो. तो स्वतःच्या जाडीइतकाच मागेपुढे सरकतो. फळीच्या कडेला अडकवून ओढलास की बाहेर येतो, भिंतीला टेकवलास की आत जातो, आणि दोन्ही वेळा शून्य बरोबर जागेवर पडतं. लेव्हल साठ सेंटिमीटरची घे. दुकानातच तपासायची: सपाट जागेवर ठेवून बुडबुडा कुठे थांबला ते बघ, मग तिथेच तिची टोकं उलटी कर. बुडबुडा त्याच जागी थांबला तर घे, नाहीतर दुसरी माग. गुण्याचंही तसंच. सरळ कडेला लावून रेघ मार, पालथा करून त्याच ठिकाणी दुसरी मार. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. भिंतींचा कोपरा काटकोनात आहे का हे बघायला मात्र गुण्या अपुरा पडतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६० सेंटिमीटरवर खूण कर, दुसऱ्या भिंतीवर ८० वर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर १०० आलं तर कोपरा सरळ. ते फार कमी वेळा येतं, तुमच्या देशातही येणार नाही, म्हणून ओट्याची फळी कापण्याआधीच हे माहीत असलेलं बरं.

खालची कपाटं मांडताना जमिनीचा सगळ्यांत उंच भाग शोध आणि पहिलं कपाट तिथे ठेव. कपाटाचे पाय फिरवून वर करता येतात, पण जमीन खाली करता येत नाही. तिथून पुढे एकेक कपाट पहिल्याच्या पातळीला आण, शेजारच्या दोन कपाटांना शिकंज्यानं एकत्र आवळ, मगच आतून स्क्रू मार. शिकंजे किमान चार घे. तुला मदतीला कुणी नसेल त्या दिवशी तेच तुझे मदतनीस.

आता ड्रिल. तू स्टुटगार्टला गेल्यापासून मी त्या शहराबद्दल मिळेल ते वाचत असतो. हातात धरून चालवायचं विजेचं ड्रिल जगात पहिल्यांदा तुझ्याच गावी बनलं, १८९५ साली, फाइन नावाच्या कारखान्यात. हे वाचलं तेव्हा तुझ्या आईला मुद्दाम हाक मारून सांगितलं. माझं पहिलं ड्रिल मी मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर घेतलं होतं. मुलुंडला बनलेलं राल्लीवुल्फ, धातूच्या अंगाचं आणि हाताला जड. पावसाळ्यात त्याची काळजी लहान मुलासारखी घ्यायचो. तुला तसं जड काही नको. बॅटरीवरचं १८ व्होल्टचं ड्रिल घे. काही कंपन्या त्याच मशिनवर २० व्होल्ट लिहितात. फसू नकोस, आत पाच सेलच असतात, पूर्ण चार्ज झाल्या झाल्या मोजलं तर वीस भरतात, चालताना अठराच. खरा विचार बॅटरीचा कर. एका कंपनीची बॅटरी बहुतेक दुसऱ्या कंपनीच्या मशिनला बसत नाही, म्हणून आज जी घेशील तिच्याच घरातली पुढची मशिनं घ्यावी लागतील. ड्रिलच्या तोंडाशी आकड्यांची रिंग असते. कपाटात बिजागरीचे स्क्रू पिळताना ती लहान आकड्यावर ठेव, म्हणजे स्क्रू बसला की मशिन आपणहून सुटतं. दाबलेल्या भुशाच्या बोर्डात स्क्रू एकदा जास्त फिरला की तिथली पकड कायमची जाते.

भोक पाडण्याआधी भिंत कसली आहे ते ओळख. बारीक बिटनं (ड्रिलला लावायच्या टोकानं) एका कोपऱ्यात भोक पाडून बघ. लाल भुकटी आली आणि बिट मधेच एकदम आत गेलं तर ती पोकळ विटांची भिंत. तिथे हॅमर, म्हणजे ड्रिलची ठोके देत फिरायची सोय, अजिबात लावायचा नाही, आतले पातळ पडदे फुटतात आणि स्क्रूसाठी भोकात घातलेला प्लग नुसता फिरत राहतो. राखाडी भुकटी आली आणि बिट पुढे जायला तयार नसेल तर काँक्रीट. त्याला साधं ड्रिल थकतं, जोरात ठोके देणारं रोटरी हॅमर लागतं, खाचांच्या दांड्याचं एसडीएस बिट बसणारं. ते विकत घेऊ नकोस. तुमच्याकडच्या बाउमार्क्टमध्ये, म्हणजे बांधकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, दिवसाच्या भाड्यानं मिळतं असं तूच सांगितलं होतंस, एक दिवस आण आणि सगळी भोकं एकदम उरकून टाक. रविवार सोडून, त्या दिवशी तिथे असा आवाज चालत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. टाइलवर खुणेच्या जागी चिकटपट्टी लाव म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद. स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, वायरी तिथूनच जातात. नळाच्या जागीही तेच.

प्लगबद्दल थोडं लिहितो, कारण तो काढणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. आमच्या तरुणपणी भिंतीत छिन्नीनं चौकोनी खड्डा करायचा, त्यात लाकडाची गुल्ली ठोकायची आणि गुल्लीत स्क्रू पिळायचा अशी पद्धत होती. गुल्ली सुकली की आकसायची आणि फळी स्क्रूसकट हातात यायची. आज आपण सगळे जे प्लास्टिकचे प्लग वापरतो, ज्यांना इथले कामगार गिट्टी म्हणतात, तो नायलॉनचा प्लग १९५८ साली आर्टुर फिशर यांनी काढला. ब्लॅक फॉरेस्टमधल्या खेड्यातला माणूस, शिंप्याचा मुलगा, लोखंडकाम शिकलेला. त्यांच्या नावावर हजाराहून जास्त पेटंटं आहेत, आणि २०१६ साली वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले. ते खेडं तुझ्यापासून दूर नाही. प्लग फिशरांचेच घे, आठ मिलिमीटरच्या प्लगला आठचंच बिट, भोक प्लगपेक्षा थोडं खोल, आणि आतली भुकटी फुंकून किंवा ओढून साफ केलेली. वरचं कपाट ताटवाट्यांनी भरलं की त्याचं वजन किती होतं याचा अंदाज सुरुवातीला कुणालाच येत नाही.

सिंकसाठी ओट्याच्या फळीत खिडकी कापायला जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याची विजेची करवत, लागेल. हे मशिन १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट काउफमान या माणसानं काढलं. बायकोच्या शिलाई मशिनमध्ये सुईच्या जागी करवतीचं पातं लावून बघितलं म्हणे! तुझ्या आईच्या मशिनला मी कधी हात लावला असता तर काय झालं असतं ते तुला ठाऊक आहे. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून वरच्या बाजूचा सनमायका उचकटतो. फळी पालथी घालून मागच्या बाजूनं काप, किंवा खाली जाताना कापणारं उलट्या दातांचं पातं माग. चारी कोपऱ्यांत आधी ड्रिलनं दहा-बारा मिलिमीटरची भोकं पाड आणि पातं तिथून आत घाल. शेवटची बाजू कापण्याआधी मधल्या तुकड्याला खालून आधार दे, नाहीतर तो स्वतःच्या वजनानं तुटतो आणि फळीचा लचका घेऊन जातो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कापलेल्या कच्च्या कडेला सगळीकडून सिलिकॉन लाव. भुशाच्या बोर्डात पाणी शिरलं की तो फुगतो, आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही.

ग्राइंडर घेऊ नकोस. तेही तुमच्याच भागातलं, आकरमान आणि श्मिट या कारखान्यानं १९५४ साली बनवलेलं, आणि लोखंडाच्या कामाला त्याच्यासारखं मशिन नाही. पण आपल्याकडे फर्निचरच्या साइटवर त्याचं संरक्षक कव्हर काढतात आणि लाकडाचं दातेरी पातं लावतात. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेणारं ते मशिन लाकडात अडकलं की उसळून सरळ माणसाच्या अंगावर येतं. तुटलेली बोटं मी पाहिलेली आहेत. इंटरनेटवर कुणी तसं करून दाखवलं तरी तू करायचं नाहीस, यावर मी काही ऐकणार नाही. शेगडीची तीन फेजची जोडणीही तिथल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे.

स्क्रूची डोकी नीट बघ. तुमच्याकडे फुलीच्या मधे आणखी चार बारीक रेघा असलेले स्क्रू खूप असतात, त्यांना पोझी बिट लागतं. साधं फिलिप्स बिट लावलं तर घसरून डोकं खातं. पक्कड मी इथूनच पाठवतोय, टपारियाची. नाशिकचा कारखाना, १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं सुरू झालेला. माझ्या पेटीतली पक्कड तू शाळेत असल्यापासून तीच आहे आणि अजून तिचं तोंड नीट मिटतं.

हाताची हत्यारं थोडी पुरतील. करवत जपानी घे, ती ओढताना कापते. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि नवख्या हातालाही सरळ जातं. ओट्याची मागची पट्टी, झालर वगैरे तिनंच होईल. इथून मी दोन पटाश्या (लाकूड तासायच्या छिन्न्या) पाठवतोय, एक अर्ध्या इंचाची आणि एक पाऊण इंचाची. मोठी आजोबांची आहे. खंडेनवमीला वाकस, रंधा आणि पटाश्या पाटावर मांडून आपण झेंडूची फुलं वाहायचो त्यातलीच ती, तू ओळखशील. दोन्हींना धार लावलेली आहे, कातड्याच्या म्यानात घातल्या आहेत, आणि आणणाऱ्याला बजावलंय की चेक-इनच्याच बॅगेत ठेवायच्या.

पण ती धार टिकवायची कशी हे तुला यायला हवं. दगड नसला तर जाड काचेचा तुकडा आणि पाण्याचा सँडपेपर, चारशे, आठशे आणि दोन हजार नंबरचा, पुरतो. आधी पटाशीची पाठ सपाट ठेवून घास. टोकाजवळचा इंचभर भाग आरशासारखा दिसेपर्यंत थांबू नकोस, हे काम एकदाच करायचं असतं. मग उतरती बाजू टेकव. तिचा उतार साधारण २५ अंशांचा आहे, धारेपाशी किंचित उचलून ३० कर. दोन्ही हातांनी धर, मनगट हलवू नकोस, खांद्यापासून पुढे-मागे जा. पाठीकडून बोट फिरवलंस की बारीक खरखर लागेल. ती पूर्ण रुंदीभर लागली की पाठ सपाट ठेवून दोन-चार हलके हात मार, खरखर जाते. कागदाच्या कडेवर टेकवून बघ, न ओढता कापला पाहिजे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोरात निसटलेली पटाशी समोरच्या हातात जाते. म्हणून दुसरा हात कधीही धारेच्या पुढे ठेवू नकोस, फळी शिकंज्यात आणि दोन्ही हात पटाशीवर.

गंजाची चिंता तुला आमच्याइतकी नाही. इथे जूनपासून लोखंडाला तेल लावल्याशिवाय रात्र काढता येत नाही. तिथे काम झाल्यावर पुसून मशीन ऑइलचा हात फिरवलास की झालं.

आता तू एवढं कर. ज्या भिंतीला ओटा लागणार तिची लांबी तीन ठिकाणी मोज, जमिनीपाशी, ओट्याच्या उंचीला आणि डोक्याच्या उंचीला. तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये लिही. कोपऱ्याचं ६०-८०-१०० किती आलं तेही लिही. नळ, ड्रेन आणि सॉकेट कुठे आहेत ते कागदावर काढून फोटो पाठव. सगळ्यांत लहान माप धरून मी इथे पूर्ण आकाराचं रेखाटन करतो आणि फळी कुठे कापायची ते तुला कळवतो. दुकानात फळी कापून मिळत असेल तरी रेखाटन हातात पडेपर्यंत कापून घेऊ नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. ड्रिल चालवताना हातमोजे घालायचे नाहीत, फिरत्या बिटमध्ये कापड गुंडाळलं जातं. केस वर बांध, बाह्या घट्ट, चष्मा डोळ्यांवर. आई म्हणते डाळीचं पीठ आणि कोकम त्याच पार्सलमध्ये जाईल, पटाश्यांपासून वेगळ्या डब्यात.