आलिमाच्या हाती दहावीचे प्रमाणपत्रही हवे

संपादक महोदय,

मदरशांच्या सुधारणेचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘सरकारने हात घालावा की नाही’ या वादात अडकते. मुलांचे खरे नुकसान मात्र एका अगदी साध्या जागी होते. अरबी व्याकरण, फिकह (इस्लामी कायदा), हदीस (पैगंबरांची वचने) यांत तयार झालेला एकवीस-बावीस वर्षांचा आलिम, म्हणजे धर्मशिक्षण पूर्ण केलेला पदवीधर, मदरशातून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा दहावीचे प्रमाणपत्र नसते. आयटीआय असो की शिपायाची जागा, अर्ज तिथेच बाद होतो. उरते ती मशिदीतली इमामत किंवा मक्तबातली, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळेतली, शिकवणी, आणि त्या पगारात घर भागत नाही.

अलीगढ, जामिया मिल्लिया आणि हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ ठरावीक मदरशांची सनद (प्रमाणपत्र) प्रवेशासाठी मान्य करतात. ती वाट चांगली आहे, पण अरुंद आहे. उत्तर प्रदेश मदरसा मंडळाच्या कामिल (पदवी) आणि फाजिल (पदव्युत्तर) या पदव्या देण्याच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी रद्द ठरवल्या. महाराष्ट्रात तर असे मंडळच नाही. म्हणून दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (केंद्राच्या एनआयओएस मंडळातून) करून घेणे हाच सध्या सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

तिथे चौदाव्या वर्षी दहावीला नाव घालता येते. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय खात्यावर जमा राहतो, त्यामुळे पाचही विषय एकदम देण्याचा हट्ट नको. आधी उर्दू आणि सामाजिक शास्त्र, मग विज्ञान, शेवटी गणित आणि इंग्रजी, अशा क्रमाने गेल्यास मुले मधेच सोडत नाहीत.

विषय निवडतानाच सर्वांत मोठी चूक होते. निकाल चांगला दिसावा म्हणून गणित आणि विज्ञान टाळून सोपे विषय भरले जातात. मुलगा दहावी पास होतो. पण आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला दहावीत हेच दोन विषय लागतात, आणि दार पुन्हा बंद होते. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. जवळच्या शाळेची प्रयोगशाळा आठवड्यातून एक दुपार मिळाली तर हा प्रश्न सुटतो. महाराष्ट्रातच राहणार असलेल्यांनी सहावा विषय म्हणून मराठी जरूर घ्यावी.

गणिताची अडचण मात्र चौदाव्या वर्षी सुरू होत नाही. मूल सात-आठ वर्षांचे असताना हिफ्जला, म्हणजे कुराण पाठ करायला, बसते आणि शाळा पूर्ण सुटते. तीन-चार वर्षांनी ते हाफिज (कुराण मुखोद्गत असलेला) होते, तेव्हा गणित दुसरी-तिसरीवर थांबलेले असते. ज्याला भागाकार आणि अपूर्णांक येत नाहीत, त्याच्यापुढे बीजगणित ठेवून काय होणार? त्यामुळे हिफ्जच्या काळातही रोज एक तास आकडेमोड आणि वाचन-लेखन हवेच. हा तास इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर, ठेवू नये. पहाटेच्या फज्रच्या नमाजापासून सबक (पाठ) घेतलेली मुले तेव्हा डुलक्या घेतात. सकाळ पाठांतराची आहे, तिला हात लावण्याची गरज नाही. जुहर ते असर, म्हणजे दुपारच्या दोन नमाजांमधली, ही वेळ बहुतेक मदरशांत मोकळी काढता येते.

यामुळे दीनी शिक्षण पातळ होईल, ही मुहतमिमांची (मदरशाच्या प्रमुखांची) भीती समजण्यासारखी आहे. पण ज्या दर्स-ए-निजामी या अभ्यासपद्धतीच्या धर्तीवर बहुतेक मदरसे चालतात, ती अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या हाताखाली घडली, आणि तिच्यात तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित होतेच. केरळात तर मुले शाळेच्या आधी किंवा नंतर मदरशात जातात आणि दोन्ही नीट चालते.

सरकारकडूनही अपेक्षा आहे. महाराष्ट्राच्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत डी.एड. शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार, तर बी.एड. शिक्षकांचे ८ हजारांवरून १८ हजार करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. निर्णय उत्तम आहे, पण ते दरमहा हाती पडले पाहिजे. उत्तर प्रदेशात केंद्राच्या योजनेतील शिक्षकांचे मानधन वर्षानुवर्षे थकले.

आणखी एक काम बिनखर्चाचे आहे. आधारवर ‘मोहम्मद’, जन्मदाखल्यावर ‘मो.’ आणि मदरशाच्या रजिस्टरात नुसते घरचे नाव, अशी तीन नावे असलेल्या मुलाचा परीक्षेचा अर्ज अडकतो. बिहार-बंगालच्या मुलांना दुरुस्तीसाठी गावी जावे लागते आणि परीक्षेची एक संधी हातची जाते. मदरशात दाखल होताना, सातव्या-आठव्या वर्षीच, तिन्ही कागद समोर ठेवून नाव आणि जन्मतारीख जुळवून घ्यावी.

आपले,
मदरशांत शालेय विषय शिकवणारे काही शिक्षक