सहा महिन्यांत देश कसा निवडायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राजारामपुरीत पासपोर्ट आणि ओसीआयचे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं त्या कार्डाचे) ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम मी करतो. सुट्टीत परदेशातली पोरंबाळं घरी आली की आजी-आजोबा फाईल घेऊन येतात. आई-बाप भारतीय, म्हणजे लेकरू भारतीयच, असं बहुतेक जण धरून चालतात. कायदा तेवढा सरळ नाही आणि वेळेवर तो कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं चौथं कलम वंशाने मिळणाऱ्या नागरिकत्वाचं आहे. पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला हा हक्क फक्त बापाकडून मिळायचा. आईकडूनही तो मिळू लागला १० डिसेंबर १९९२ पासून. म्हणजे त्याआधी परदेशी माणसाशी लग्न करून तिकडेच बाळंत झालेल्या आपल्या लेकींची मुलं या कलमाने भारतीय ठरली नाहीत! तो अन्याय उशिरा का होईना दूर झाला. पण ३ डिसेंबर २००४ पासून नवी अट आली. बाळाच्या जन्माची नोंद वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत झाली पाहिजे, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांनी लिहून दिलं पाहिजे. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते.

आखातात जन्मलेल्या बाळाची ही नोंद सहसा चुकत नाही, कारण भारतीय पासपोर्ट काढल्याशिवाय त्याला घरी आणताच येत नाही. घोळ होतो तो अमेरिकेत. तिथे जन्मलेली आपली मुलं अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे जन्मतःच अमेरिकन ठरत आली आहेत. त्यांना तिथला पासपोर्ट मिळतो, त्यावर ओसीआय काढलं जातं आणि दोन्ही देशांचं नागरिकत्व मिळालं अशी समजूत होते.

गेल्या मे महिन्यात कागल तालुक्यातल्या एक आजी नातवाची ओसीआयची पुस्तिका घेऊन आल्या. मुलगा-सून कायमचे गावी परतलेत, नातू इथल्याच शाळेत जातो. शेजारचा एकर विकायला निघालाय, तो नातवाच्या नावावर घ्यायचा होता. पुढे मतदार यादीत नाव कधी घालायचं, हेही विचारायचं होतं. मला दोन्हींना नाही म्हणावं लागलं. ओसीआयवाल्याला मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांची जमीन वारसाने येईल, सातबाऱ्यावर नाव लागेल, पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. ‘डॉक्टर तरी होता येईल का?’ तेही अवघड. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर नीट, जेईईतून ओसीआय मुलांना एनआरआय कोट्यातल्या किंवा वाढीव जागाच मिळू शकतात. त्याआधीचं कार्ड असलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलासा दिला, पण या मुलाचं कार्ड नंतरचं. आजी म्हणाल्या, ‘मग ह्याच्यावर सिंह कशाला छापल्यात?’ मला उत्तर देता आलं नाही. आई-वडील भारतीय नागरिक असल्याने कलम ५ खाली जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत नोंदणीचा अर्ज करता येईल, एवढं मी सांगितलं.

ज्यांनी नोंद वेळेत केली त्यांच्यापुढे वेगळाच पेच आहे. वंशाने भारतीय आणि जन्माने दुसऱ्या देशाचं नागरिक असलेल्या मुलाने अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते परकं नागरिकत्व सोडलं नाही, तर त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. आपल्याकडे अठरावं वर्ष म्हणजे बारावी, सीईटी, नीट आणि प्रवेशाच्या फेऱ्या. फॉर्म भरताना हात थरथरतात अशा वयातल्या पोरांनी त्याच धावपळीत जन्मभराचा देश ठरवायचा, हे मला अजिबात पटत नाही.

सरसकट दुहेरी नागरिकत्व द्या, असं माझं म्हणणं नाही. स्वखुशीने परक्या देशाचं नागरिकत्व घेणाऱ्याला भारताचं ठेवता येत नाही, हा नियम मला मान्य आहे. २०२२ साली २,२५,६२० भारतीयांनी आपलं नागरिकत्व सोडलं, अशी माहिती परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत दिली होती. त्यांनी आपला निर्णय आपण घेतला. पण आईच्या पोटी परक्या मुलखात जन्मलेल्या बाळाने कसला निर्णय घेतला? जर्मनीने २७ जून २०२४ पासून एकाहून अधिक नागरिकत्वांना मोकळीक दिली. तेवढं लांब जायला नको. जपानही एकाच नागरिकत्वाचा आग्रह धरतो, तरी जन्माने दोन नागरिकत्वं आलेल्या मुलांना निवडीसाठी विसाव्या वर्षापर्यंत मुदत देतो.

आपल्याकडे ही मुदत एकविसाव्या वर्षापर्यंत न्यावी. वकिलातीच्या जन्मनोंदीच्या दाखल्यावर शेवटची तारीख ठळक छापावी आणि अठरा पूर्ण होताच कुटुंबाला मेसेज जावा. जन्मतारीख, पत्ता, मोबाईल नंबर सगळं सरकारकडे आहे. पासपोर्टच्या अपॉइंटमेंटचा मेसेज येतो, तसा हाही पाठवता येईल. ओसीआयच्या पुस्तिकेबरोबर, त्याने काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे सांगणारं मराठीतलं एक पान द्यावं. कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा, अशी त्यांना कळकळीची विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी परदेशात बाळंतपण आहे, त्यांनी जन्मदाखला मिळाल्याबरोबर, दुसरा पासपोर्ट काढण्याआधी, भारतीय वकिलातीत चौकशी करावी.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर