खाणीतून आलेला शेतीमंत्री

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

शेतीचे कायदे शेतकऱ्याच्या पोरानेच करावेत, इतरांना त्यातलं काय कळणार, असं तू परवा फोनवर म्हणालीस. कांद्याचा भाव मार्केटात ट्रॅक्टर उभा केल्यावरच कळतो, हे बघत तू वाढलीस. तुझा राग खरा आहे. तरी तिथे शेती-अर्थशास्त्र शिकतेच आहेस, तर ब्रिटनचे एकेकाळचे शेतीमंत्री टॉम विल्यम्स यांचं काम वाच.

विल्यम्स यॉर्कशायरचे कोळसा खाणकामगार. १९२२ साली डॉन व्हॅलीतून मजूर पक्षातर्फे निवडून आले. त्याच्या आदल्या वर्षी धान्याचे भाव कोसळू लागले आणि सरकारने स्वतःच दिलेला हमीभाव कायदा करून काढून घेतला. हा दगा तिथले शेतकरी विसरले नाहीत. १९४५ मध्ये विल्यम्स शेतीमंत्री झाले, तेव्हा त्यांना आधी हा अविश्वास पुसायचा होता.

देशाची दशा वाईट होती. महायुद्धातही रेशनवर न आलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला. बाहेरून अन्न आणायला डॉलर नव्हते. विल्यम्स यांचं शेतीविधेयक संसदेत असतानाच १९४७चा तो भयंकर हिवाळा आला. डोंगरातली मेंढरं लाखोंनी मेली, आणि मार्चमध्ये बर्फ वितळून पूर्व इंग्लंडातल्या फेन्स भागाची सपाट काळी जमीन पाण्याखाली गेली.

ऑगस्ट १९४७ मध्ये कायदा झाला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती भावाची रीत. दरवर्षी सरकारने शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींशी बसून खर्चाचा हिशेब पाहायचा, आणि पिकाचा भाव पेरणीआधी सांगायचा. गहू, बटाटा, शुगरबीट, दूध, अंडी, मांस हे सगळं त्यात आलं. भाजीपाला नाही, म्हणजे आपला कांदा तिथेही बाहेरच राहिला असता. शिवाय पहिल्याच कलमात शेतकऱ्याच्या मोबदल्याबरोबर शेतमजुराच्या राहणीमानाचाही उल्लेख आहे. तो वाचताना मला त्यामागे खाणीत मजुरी केलेला माणूस दिसतो.

मात्र हमीबरोबर जबाबदारीही होती. जमीन नीट न कसणाऱ्यावर देखरेख बसे, तरीही न सुधारल्यास जमीन ताब्यातून जाई. ही तरतूद मला पटत नाही. सरकारच्या हाती इतकी सत्ता नको. १९५८ साली ती काढली गेली.

शेतकऱ्यांचे फार लाड होतात, अशी टीकाही झाली. १९५० मध्ये अन्न खात्याचे उपमंत्री स्टॅन्ली इव्हान्स जाहीरपणे तसं बोलले आणि त्यांना पद सोडावं लागलं.

त्याच संसदेत नॉर्थ नॉरफोकचे एडविन गूच होते, शेतमजूर संघटनेचे अध्यक्ष. मालकाच्या घरात राहणाऱ्या मजुराची नोकरी गेली की घरही जायचं. तो प्रश्न या कायद्याने सुटला नाही. निबंधाला विषय शोधते आहेस ना, तर याच मजुरांपासून सुरुवात कर. संसदेतल्या चर्चांचे छापील खंड तुमच्या ग्रंथालयात असतीलच. वाचून झालं की सविस्तर लिही, फोनवर उरकू नकोस.

तुझे,
बाबा