बाबा, एलडीसीचा फॉर्म मी भरत नाही

पणजी,
रविवार

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. नमस्कार.

बाबा, दादाबरोबर पाठवलेलं पेपरातलं कात्रण मिळालं. कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात, एलडीसीच्या, म्हणजे सरकारी कनिष्ठ कारकुनाच्या जागा, शेवटची तारीख लाल पेनाने गोल केलेली आणि वर तुमच्या अक्षरात फक्त ‘विचार कर’. विचार केला. फॉर्म भरत नाही. कारण फोनवर सांगायला गेले तर तुम्हाला अर्धं ऐकू येतं, उरलेलं आई तिच्या मनाने पुरं करून सांगते, आणि रात्रीपर्यंत मी नोकरी सोडून घरी बसल्याची बातमी काकीकडे पोचलेली असते. म्हणून बसून लिहिते आहे.

टीव्हीवर तुम्ही ऐकलंत की एआय आलं, आता भाषेची कामं पहिली जाणार. ते खोटं नाही. पूर्वी सबटायटल करायला कंपनी मला नुसता व्हिडिओ पाठवायची. मी तो ऐकून संवाद उतरवायचे, मग मराठी करायचे, मग कुठली ओळ कधी दिसणार आणि कधी जाणार ते लावायचे. आता हे सगळं मशीन चहा उकळेपर्यंत करून टाकतं. माझ्याकडे येतं ते तयार सबटायटल, सोबत एक ओळ: ‘जरा नजर टाकून द्या.’ या ‘जरा’चा दर आधीच्या निम्म्याहूनही कमी आहे. नजर टाकायला वेळ मात्र जवळजवळ तेवढाच लागतो, कारण मशीनची चूक फार सफाईदार असते. वाचताना सगळं बरोबर वाटतं. चित्राशेजारी ठेवलं की कळतं.

परवाचंच सांगते. मालिकेत सासू विचारते, ‘दागिने कुठे आहेत?’ सून बोलत नाही. कॅमेरा तिच्या हातांवर, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते. मग मान वर करून म्हणते, ‘मोडले.’ मशीनने काय केलं असेल? दोन्ही वाक्यं छोटी, म्हणून एकाखाली एक अशी एकाच वेळी टाकली. म्हणजे सून अजून पदराशी खेळते आहे आणि बघणाऱ्याने ‘मोडले’ वाचूनसुद्धा टाकलं. त्या बाईने एवढा वेळ तोंड मिटून जो अभिनय केला तो पाण्यात. मी त्या दोन ओळी वेगळ्या केल्या, दुसरी ओळ तिचे ओठ उघडेपर्यंत अडवून धरली. काम एवढंच. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि वाचणाऱ्याचे डोळे धावायला नकोत. नीट झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे मी कुठे शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हापशाच्या थिएटरात, तुमच्या केबिनमध्ये. मे महिन्यातला तो उकाडा, दोन्ही प्रोजेक्टरांची घरघर, कार्बनच्या कांड्यांचा वास आणि स्टुलावर उभी राहून भोकातून पडदा बघणारी मी. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका आला की तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायचात. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि खट्! दोन हजार फुटांचं रीळ संपून नवं लागलेलं असायचं आणि खाली थर्ड क्लासात कोणाला पत्ताही नसायचा. पत्ता लागायचा तो चुकल्यावरच. मग ऑपरेटरच्या सात पिढ्या निघायच्या. मी ठिपका ओळखायला शिकले ते अक्षरओळखीच्या आधी, असं आई सांगते. आईच्या गोष्टीत थोडं मीठ जास्त असतं, पण असो.

मग रिळं गेली. सिनेमा उपग्रहावरून थेट सर्व्हरमध्ये उतरू लागला. प्रिंट काढायचा खर्च वाचला, रिळांचे पेटारे गाडीवर घालून एका थिएटरातून दुसऱ्यात पळवायचा खर्च वाचला, कार्बन वाचला. तुम्ही तिघे होतात, मालकाने एकाला ठेवलं, तेही बटण दाबायला आणि एसी बघायला. तुम्ही घरी आलात ते मला आठवतं. मशीनला तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. उलट चित्र स्वच्छ दिसतं, ओरखडे नाहीत, असं कौतुकच करत होतात. मग आईला म्हणालात, ‘एवढं सगळं वाचलं ना, मग तिकीट कितीने उतरलं?’

उतरलं नाहीच. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला, त्यासाठी पणजीत मल्टिप्लेक्स झालं, आणि नंतर जिकडेतिकडे तिकिटाचा नवाच भाव सुरू झाला. थर्डात बसून शिट्टी मारणारा माणूस परवडत नाही म्हणून घरी राहिला, नाहीतर टीव्हीकडे वळला. ऑपरेटरही घरी आणि प्रेक्षकही घरी. वाचलेले पैसे कुठे गेले, हा तुमचा प्रश्न तसाच पडून आहे.

तोच मी आज विचारते आहे. सबटायटलचा खर्च मशीनने उतरवला, मग घरोघरी मोबाइलवर जे ओटीटी बघतात त्याची वर्गणी उतरली का? दादाला विचारा, दरमहा तो किती भरतो. जुलै २०२४ मध्ये मोबाइलची रिचार्जं वाढली तेव्हा आईने दुकानदाराशी वाद घातला होता, त्या बिचाऱ्याचा काय दोष. मला कमी मिळतं, तुम्हाला जास्त पडतं, आणि मशीन मात्र स्वस्त. मला मशीनचा राग नाही. हा हिशेब मला पटत नाही.

राग नाही कारण तुमच्यासाठी तेच मशीन बरं काम करतं. तुम्ही रात्री आवाज बंद करून जुनी हिंदी पिक्चरं यूट्यूबवर बघता, खाली आपोआप येणाऱ्या ओळी वाचता. त्या प्रोजेक्टरच्या घरघरीत कान गेले, निदान डोळ्यांनी तरी ऐकता. त्या पिक्चरांना सबटायटल करायला माणूस ठेवून कोणी पैसे देणारच नव्हतं. तिथे माझ्या ताटातलं कोणी काही काढलेलं नाही. आईचा फोन वीजबिलाचा मेसेज वाचून दाखवतो, तेही तसंच. असल्या गोष्टींना मी नावं ठेवणार नाही.

आणि बाबा, ‘कोणी भांडत कसं नाही?’ असं तुम्ही विचारलं होतंत. भांडले. २०२३ मध्ये अमेरिकेत सिनेमा-मालिका लिहिणारे १४८ दिवस संपावर होते. शेवटी करारात लिहून घेतलं की एआयने लिहिलेलं लेखकाचं लेखन धरायचं नाही आणि एआय वापरायची सक्ती लेखकावर करायची नाही. मशीन बंद करा असं ते म्हणाले नाहीत, हे मला आवडलं. आपल्याकडे कोर्टात गेले ते मोठे कलाकार. अरिजित सिंगने २०२४ मध्ये आणि आशाबाईंनी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून आदेश मिळवले, की त्यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल परवानगीशिवाय वापरायची नाही.

आई, आता तुझ्याकडे वळते. तू मला पाठवलेलं ते ‘दुर्मिळ भजन’ दुर्मिळ नाही, बनवलेलं आहे. मंगेशीच्या घराण्यातला आवाज तुला चटकन भावतो हे ते बनवणाऱ्यालाही माहीत आहे. नीट ऐक, दोन कडव्यांत एकदाही श्वास घेतलेला नाही. ऐकायचं तर ऐक, देवाचं नाव आहे, पण पुढे पन्नास जणींना पाठवू नकोस. आणि कोणी प्रसिद्ध माणूस व्हिडिओत ‘या अ‍ॅपमध्ये पैसे टाका’ सांगत असेल तर आधी मला फोन. २०२४ च्या जानेवारीत सचिन तेंडुलकरला स्वतःला सांगावं लागलं होतं की तो व्हिडिओ माझा नाही. तुझ्या भिशीचे पैसे माझ्या पगाराहून जास्त आहेत, म्हणून सांगते.

केबलचं म्हणशील तर दरमहा एवढे पैसे भरून तू चारच चॅनेल बघतेस, त्यातही एक मालिका शेजारच्या वयनीकडे जाऊन. दादाला सांगून डीडी फ्री डिश बसवून घ्या. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याला काही नाही. सह्याद्री दिसतं, बातम्या दिसतात, जुने सिनेमे असतात. तुझी रात्री आठची मालिका त्यावर नसेल, ती वयनीकडे चालूच ठेव. नाहीतरी मालिकेपेक्षा गप्पाच जास्त होतात.

आणि आता दहीकाल्याचे दिवस आलेच. देवळासमोर रात्रभर दशावतार, मांडवात खाली बसायचं, एक पैसा तिकीट नाही. खाजं आणि चणे सोडले तर खर्च नाही. मी लहान असताना हे फुकट असतं असं समजायचे. फुकट कुठलं? पावणीतून म्हणजे लिलावातून, देणगीतून, कोणाच्या नवसातून दशावताराच्या कंपनीची बिदागी जमते. पैसे गावानेच दिलेले असतात, फक्त दारावर मोजून घेतलेले नसतात. ज्याच्याकडे नाहीत तोही पहिल्या रांगेत बसतो.

यंदा मी दुपारीच येणार आहे, कंपनीचा पेटारा उतरतो तेव्हा. मागच्या वेळी शाळेच्या खोलीत डोकावले होते. राजा पार्टी, म्हणजे राजाचं काम करणारे काका भिंतीला टेकवलेल्या आरशाच्या तुकड्यात बघून स्वतःच रंग लावत होते आणि शेजारी बसलेल्या स्त्री पार्टीला सांगत होते, ‘तिसऱ्या प्रवेशात तू मला फार लांबवू नकोस, काल घसा बसला.’ एवढीच तालीम. आख्यान कुठलं ते संध्याकाळी ठरलं. कागद नाही, संहिता नाही. रात्री त्याच दोघांनी पाऊण तास सवाल-जवाब असे काही रंगवले की पायपेटीवाला वाजवायचा थांबून ऐकत राहिला. आणि संकासुराने मालवणीतून मोपा विमानतळाकडच्या जमिनीच्या दलालांची जी काढली, ती ऐकताना पुढच्या रांगेतले दोघे-तिघे पानाच्या निमित्ताने उठून गेले, आठवतं?

यावर ‘मशीनला हे जमेल का’ वगैरे मी म्हणणार नाही. जमेलही उद्या काहीतरी. मला त्या काकांचं दुसरंच आठवतं. सकाळी दहीहंडी फुटल्यावर ते तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसत होते आणि नऊला रिक्षा लावायची म्हणून घाई करत होते. राजाच्या पार्टीवर घर चालत नाही. तिथे कुठलं मशीन आलं होतं? मशीन नसतानाही हातात कमीच पडतं, म्हणून सगळं खापर एआयवर फोडलेलं मला चालत नाही. कंपनीला बिदागी वाढवून द्यायचा विषय तुम्ही देवस्थानच्या बैठकीत काढा, बाबा. मंडपाच्या लायटिंगवर खर्च होतोच की.

आता माझं. आम्ही सबटायटल करणारे काही जण, इथले, कोल्हापूरचे, पुण्याचे, यांनी मिळून कंपनीला कळवलं आहे की तपासणीचं काम व्हिडिओच्या मिनिटांवर घेणार नाही, आम्हाला लागणाऱ्या तासांच्या दराने घेऊ. मशीन वापरा, पण आमचा वेळ मोजा. उत्तर आलेलं नाही. कदाचित नाही म्हणतील आणि दुसरे कोणी कमी दरात करतील. काही जण आत्ताच कच खाऊ लागलेत, त्यांच्या घरी हप्ते आहेत. माझ्यावर कर्ज नाही, भाडं वेळेवर जातं आणि मधल्या काळासाठी थोडे बाजूला ठेवलेले आहेत. एका नाट्यसंस्थेच्या जुन्या रेकॉर्डिंगांना इंग्रजी सबटायटल करायचं कामही बोलणीत आहे. ठरलं की सांगेन, आधी काकीला सांगू नका.

एलडीसीचं म्हणाल तर टायपिंग, नोंदी, पत्रांचे मसुदे हीच कामं मशीनला सगळ्यात आधी जमतात. सरकारी नोकरी टिकते ती सरकार माणसाला काढत नाही म्हणून. हे कारण वाईट नाही, तुमची काळजीही मला कळते. तुम्हाला एका दुपारीत घरी पाठवलं होतं, ते माझ्या बाबतीत होऊ नये एवढंच तुम्हाला वाटतं. पण मला या कामात गोडी आहे आणि एवढ्यात हात वर करायचे नाहीत. कात्रण फायलीत जपून ठेवलं आहे. वयाची मर्यादा उलटायला अजून वेळ आहे, तेव्हा अगदीच आशा सोडू नका.

दादाच्या पोराला अनेक आशीर्वाद. तब्येतीला जपा.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, कानाच्या मशीनचे सेल पाकिटात घातले आहेत. मागचे आईच्या देवघरात उदबत्तीच्या डब्यात सापडतील, तिला बटणं वाटली होती.