तर्री बाजूला सारून कट चाखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पुण्यातल्या मिसळीच्या ठिकाणांवर अधूनमधून लेख येतात. लेखाशेजारी लालभडक तर्रीचा फोटो असतो आणि मजकुरात ‘झणझणीत’, ‘नाकातोंडातून पाणी’, ‘अनलिमिटेड रस्सा’ हे शब्द हमखास असतात. तिथला कट, म्हणजे उसळीवर ओततात तो वाटणाचा मसालेदार रस्सा, चांगला होता की वाईट, हे मात्र लेख संपला तरी कळत नाही. मिसळीचा जीव कटात असतो आणि तर्री हा त्यावर आलेला तेलाचा थर असतो. तो थर पळीने वाढवता येतो, वेगळा करून ठेवता येतो, विकतही आणता येतो. म्हणून तर्रीवरून मिसळ जोखणे बंद करावे, एवढ्यासाठी हे पत्र.

तिखटपणाचा एकच मापदंड तर पुण्यात मुळीच चालत नाही. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ गोडसर वळणाची. फडके हौदाजवळच्या वैद्य उपाहारगृहाचा रस्सा हिरवी मिरची आणि आल्यावर चालतो, लाल तर्रीचा तिथे संबंधच नाही. कर्वे रस्त्यावरची काटाकिर्र कोल्हापुरी वळणाची. या तिघींना एका रांगेत बसवून ‘सर्वांत लालभडक आणि झणझणीत तर्री कोणाची’ असे विचारले, तर वैद्यांना शून्य गुण द्यावे लागतील आणि ते हास्यास्पद होईल. कोल्हापूरकर कांदा-लसूण मसाल्यावर कट करतात आणि सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात, नाशकात काळ्या मसाल्याचा रस्सा आणि पापड. प्रत्येकीची पारख तिच्या तिच्या कटावरच करावी लागते.

आता भटारखान्यात डोकावू. पन्नास प्लेटच्या अंदाजाने सव्वा ते दीड किलो कोरडी मटकी लागते. ती आठ-दहा तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधतात. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत वीस-चोवीस तासही लागतात. मोड अर्धा इंचाच्या आतच हवा. मोड त्याहून लांबला की मटकी शिजताना दाणा एकीकडे आणि शेपटी दुसरीकडे होते. सर्वांत जास्त घोटाळा एप्रिल-मे महिन्यांत होतो. गाठोड्यात पाणी राहिले तर मटकी चिकट होते आणि तिला आंबूस वास येतो. अशी मटकी टाकून द्यायची असते. काही ठिकाणी ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन, जास्त मसाला घालून खपवतात. दमट आणि उबदार गाठोडे ही जंतूंना सोयीचीच जागा, त्यामुळे मोडाची मटकी नीट उकळून शिजायलाच हवी. लवकर शिजावी म्हणून चिमूटभराऐवजी चमचाभर सोडा टाकला की साल सुटते, दाणा पिठूळ होतो आणि उसळीचा लगदा होतो. तुमच्या वाटीतली मटकी बोटांत धरता येत नसेल, तर एक तर सोडा जास्त पडला किंवा कालची उसळ आज पुन्हा उकळली.

तेवढ्याच पन्नास प्लेटना पहिला आणि वरचा (गिऱ्हाईक पुन्हा मागून घेते तो) मिळून वीसेक लिटर कट लागतो. त्याला अडीच-तीन किलो कांदा, पाऊण ते एक किलो सुके खोबरे, दोनशे ग्रॅम आले, तीन-चारशे ग्रॅम लसूण, अर्धा किलोच्या आसपास मसाला आणि सव्वा ते दीड लिटर तेल, असा साधारण हिशेब बसतो. खोबरे आणि कांदा वेगवेगळे भाजायचे, कारण कांद्याला रंग चढेपर्यंत खोबरे करपते आणि करपलेले खोबरे अख्ख्या पातेल्याला कडवट करते. वाटण बारीक हवे आणि ते तेलावर तेल सुटेपर्यंत परतायला हवे. एवढ्या वाटणाला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, त्यात सुटका नाही. घाईत दहा मिनिटांत पाणी ओतले की कटाला कच्च्या कांद्याचा उग्र वास राहतो, आणि तो नंतर तासभर उकळूनही जात नाही.

पुढची पायरी तिखटाची. तेल धुरावत असताना मिरचीपूड टाकली तर ती काळी पडून कडू होते. म्हणून जाणता आचारी गॅस बंद करतो, क्षणभर थांबतो, पूड टाकतो, दोन-तीनदा ढवळतो आणि लगेच उकळते पाणी ओततो. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी, अशी जोडी ठेवतात. मटकी उकडलेले पाणी या कटातच जायला हवे, त्यात उसळीची गोडी असते. ते मोरीत ओतून साधे पाणी घालणाऱ्याचा कट कितीही लाल दिसला तरी पोकळ लागतो. मग मंद आचेवर पाऊण तास. मिरची जळाली असेल तर कडवटपणा झाकायला गुळाचा मोठा खडा पडतो. एरवी तिखटाची ओळख असलेल्या ठिकाणी एखाद्या दिवशी कट अचानक गोडमट्ट लागला, तर सकाळी पातेल्यात काय झाले असेल ते समजून घ्यावे.

इथपर्यंत सगळे नीट झाले तरी खरी परीक्षा नऊनंतर सुरू होते. कट सात वाजल्यापासून आचेवर रटरटत असतो. पाणी उडते, खारटपणा वाढतो, तेल वर येते. वाढपी घाईत ओगराळे वरच्या वर फिरवतो, त्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकांना तेल जास्त आणि साडेदहानंतरच्यांना नुसते लाल पाणी. ओगराळे दर खेपेला तळापर्यंत नेऊन ढवळले तर हे होत नाही, पण रविवारी दारात वीस माणसे उभी असताना ते कोण करणार? पातेले अर्ध्यावर आले की त्यात उकळते पाणी, मूठभर मसाला आणि मीठ पडते. हा मसाला तेलात परतलेला नसतो. तो कच्चाच वर तरंगतो, वाटीच्या कडेला रेतीसारखा चिकटतो आणि घशाशी बसतो. उशिरा गेलेल्यांना लागणारा ठसका बऱ्याचदा तिखटाचा नसतो, या कच्च्या पुडीचा असतो. नीट चालवणारे मालक दुसरे पातेले साडेआठला चढवतात आणि पहिले संपले की सरळ बदलतात. त्याला एक जादा शेगडी आणि एक जादा माणूस लागतो, भाड्याच्या लहान गाळ्यात दोन्ही परवडत नाहीत. तरीही उपाय हाच आहे.

‘अनलिमिटेड रस्सा’ची पाटी लागली की आणखी एक गोष्ट घडते. वाटीमागून वाटी द्यायची तर कट पातळ करावा लागतो, आणि पातळ दिसू नये म्हणून बेसन, कॉर्नफ्लोअर किंवा फरसाणाचा तळातला चुरा वाटून लावतात. ओळखणे सोपे आहे. वाटी पाच मिनिटे तशीच ठेवा. वाटणाचा कट असेल तर तळाशी खोबऱ्या-कांद्याचा रवाळ साका बसतो, बेसन असेल तर वर पातळ साय धरते, कॉर्नफ्लोअरला चकचकीत बुळबुळीतपणा येतो. मोजका कट देऊन वरच्या वाटीचे दहा-वीस रुपये घेणाऱ्या मालकाला समाजमाध्यमांवर कंजूष म्हणतात, पण त्याचा कट तीच ती दाट चव राखण्याची शक्यता जास्त असते.

रंगाविषयी एक खुलासा. मिरचीपूड पाण्यात टाकून भेसळ ओळखण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगांपुरतीच खरी आहे. सुदानसारखे बंदी असलेले रंग तेलात विरघळतात, तर्रीत बेमालूम मिसळतात, आणि ते प्रयोगशाळेतच सापडतात. त्यामुळे ‘रंग बघूनच कळतं’ असे कोणी छापू नये.

फरसाणावर फारसे लिहिले जात नाही, खरे तर निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. एका प्लेटला चाळीस-पन्नास ग्रॅम फरसाण लागते आणि ते कट ओतण्याआधी क्षणभरच टाकायचे असते. दोन मिनिटांत ते मऊ पडते, म्हणून गर्दीच्या वेळी दहा प्लेट आधीच रचून ठेवणाऱ्याकडे कुरकुरीत शेव मिळणार नाही. जुन्या तेलाचा खवट वास कोरड्या फरसाणाला लगेच येतो, कटात भिजल्यावर तो लपतो. तेव्हा वेगळी वाटी मागून आधी कोरडे चाखावे. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. हे प्रमाण मोजायचे हातयंत्र बाजारात मिळते, लहान दुकानांत मात्र क्वचितच दिसते. शेवेवर तांबूस ठिपके दिसले तर घाबरू नका. पिठात सोडा जास्त झाला की हळद लाल पडते, एवढेच. पण त्या शेवेची चव साबणासारखी लागते आणि ती कटाचीही वाट लावते.

कांदा महागला की त्यात बारीक कोबी मिसळतो, लिंबू महागले की फोड अर्ध्याची पाव होते. कोबी चावल्यावर कळतो, त्याला झोंबरेपणा नसतो. सकाळी सहाला चिरून ठेवलेला कांदा अकराला कडवट लागतो, त्याला इलाज ताजा चिरणे हाच.

तिखट लागल्यावर पाणी पिणारे लोक पाहून वाईट वाटते. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, पाण्याने तो तोंडभर पसरतो. दही, ताक किंवा मठ्ठा घ्यावा, दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश तो धरून नेतात. मिसळीसोबत दह्याची वाटी देण्याला म्हणूनच अर्थ आहे. जिलेबी, गुलाबजाम, बटर पाव, वर किसलेले चीज यांचे समर्थन मला तरी करता येत नाही. शहराबाहेरच्या रस्त्यांवर कप्प्यांच्या ताटात ही सगळी जत्रा मांडून मिसळ दीडशेच्या पुढे नेतात, आणि मधल्या वाटीत कट असतो जेमतेम दोन पळ्या. चीजबद्दल तर एकच सांगतो: ते गरम कटात वितळून तर्री शोषते आणि मसाल्याची धार घालवते. ज्याला कट लपवायचा आहे त्याला ते फार सोयीचे.

बिलाबद्दल थोडक्यात. साध्या उपाहारगृहात जीएसटी 5 टक्के. कंपोझिशन योजनेतले (लहान व्यावसायिक उलाढालीवर ठरावीक दराने स्वतः कर भरतात ती योजना) दुकान गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही, त्यामुळे तसा फलक लावलेला असूनही बिलात कर दिसला तर विचारा. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या उचलून धरल्या. बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असायलाच हवा.

तेव्हा आपल्या लेखकांना काही विनंत्या आहेत. मिसळ कोणत्या वारी, किती वाजता खाल्ली ते छापा. मंगळवारच्या आठची आणि रविवारच्या अकराची मिसळ एकाच दुकानातली असली तरी एक नसते. जमल्यास दोन्ही वेळा जा. साध्या प्लेटचा दर, त्यात पाव किती, वरच्या कटाचे पैसे किती, हे लिहा. चमच्याने तर्री एका बाजूला सारून खालचा कट आधी तसाच, पावाशिवाय आणि फरसाणाशिवाय चाखा. त्यात कांद्याचा गोडवा लागतो का, खोबरे लागते का, मीठ पुढे येते का, मसाला घशाला खरखरतो का, याच्या दोन ओळी पुरेत. आणि फोटो काढायचाच तर मटकीचा काढा, मोड किती आहे ते वाचकांना दिसेल.

उरलेल्या कटाचे काय होते, हेही एकदा विचारून पाहा. टेबलावर गेलेली वाटी परत पातेल्यात येता कामा नये. पातेल्यातला कट दुपारी उरला तर तो एक तर 60 अंशांच्या वर गरम राहायला हवा किंवा लहान भांड्यांत काढून लवकर थंड करून शीतकपाटात जायला हवा. संध्याकाळपर्यंत ओट्यावर कोमट पडलेला कट सकाळच्या नव्या कटात ‘विरजण’ म्हणून घालण्याची पद्धत काही आचारी अभिमानाने सांगतात. त्याने चव मुरते असे त्यांचे म्हणणे. चव मुरत असेलही, पण कोमट खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात रात्रभर जे वाढते ते पोटाला सोसत नाही. असे कुठे आढळले तर समाजमाध्यमावर एक तारा देऊन भागत नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या क्रमांकावर दुकानाचे नाव, वेळ आणि बिलावरचा परवाना क्रमांक कळवावा. बिल जपून ठेवायचे ते याचसाठी.

आपला,
उपाहारगृह व्यवसायातला एक वाचक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे.)