ताऱ्यांसोबत कारणही छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे कादंबऱ्यांविषयी वाचकांचा कौल छापला जात आहे. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि पुढे पाचपैकी किती तारे, एवढाच मजकूर त्यात असतो. प्रेमकादंबऱ्यांच्या वाट्याला बहुधा दोन किंवा अडीच तारे येतात आणि ते का, याचा उलगडा एका शब्दानेही होत नाही. गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या देवघेव विभागात मी 31 वर्षे काम केले आणि त्या काळात सर्वांत जास्त हाताळली गेलेली पुस्तके हीच होती, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रेमकादंबरी वाचणारा माणूस तिला कसा जोखतो, हे मला छापील परीक्षणांपेक्षा पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानांनी अधिक शिकवले. परत आलेले पुस्तक तपासताना तेथे पेन्सिलीने लिहिलेले शेरे सापडत. खाकी पुठ्ठ्याने बांधलेल्या एका कादंबरीच्या अखेरीस कोणी लिहिले होते, ‘नायक भित्रा आहे. शेवट पटला नाही.’ त्याखाली वेगळ्या, टपोऱ्या अक्षरात उत्तर होते, ‘भित्रा नाही, आईचा विचार करणारा आहे.’ काही महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा हातात आले, तेव्हा तिसरी ओळ वाढली होती: ‘दोघांनी एकदा तरी समोरासमोर बसून बोलायला हवे होते. मग शेवट कसाही चालला असता.’ असे शेरे खोडून टाकण्याचा आमच्याकडे नियम होता आणि मी खोडरबर हातात घेतलाही होता. पण त्या ओळीपाशी माझा हात थांबला. पहिले दोन वाचक नायकाच्या स्वभावाचा निवाडा करत होते. तिसऱ्याने लेखकाची नेमकी चूक दाखवली होती, कारण तीनशे पानांचा विरह लेखकाने एका गैरसमजावर उभा केला होता आणि तो दूर करण्याची साधी संधीही त्या दोघांना कुठे दिली नव्हती. या तिघांनी आपल्या पुरवणीकडे कौल पाठवला असता, तर कदाचित पहिल्याचे आणि तिसऱ्याचे दोन-दोन तारे शेजारी शेजारी छापले गेले असते आणि दोघांचे म्हणणे एकच आहे, असा वाचणाऱ्याचा समज झाला असता.

मराठी वाचकाच्या हाती पूर्वीपासून दोन मापे आहेत. ना. सी. फडके यांनी 1931 मध्ये ‘प्रतिभासाधन’मधून कथा-कादंबरीचे तंत्र मांडले आणि गुंफण, उत्कंठा, शेवटाची सफाई यांवरून कादंबरी तोलण्याची सवय आपल्याला लावली. ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे वि. स. खांडेकर यांनी दुसरे माप दिले. त्या मापाने पाहणारा वाचक कादंबरीतून काय घ्यायचे, असे विचारतो. (खांडेकर जेथे शिक्षक होते ते शिरोडे आपल्या फोंडा तालुक्यातले नव्हे, तेरेखोल नदीपलीकडचे, पण नदीअलीकडच्या पेडणे तालुक्यातील लोकांना तेही आपलेच वाटते.) या दोन्ही मापांचा मला आदर आहे. परंतु प्रेमकादंबरीला पहिला प्रश्न वेगळाच विचारावा लागतो: या दोन माणसांचे एकमेकांवर प्रेम जडले, हे मला पानोपानी दिसले का, की लेखकाने सांगितले म्हणून मी मान्य केले? कोऱ्या पानांवरचे बरेचसे शेरे याच प्रश्नाभोवती फिरत असत.

शेवटाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण कमी ताऱ्यांचे मूळ अनेकदा तेथे असते. इंग्रजीत प्रेमकादंबरी हा बांधीव प्रकार आहे आणि त्यात सुखाचा शेवट गृहीत धरलेला असतो. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या एका गावातील स्त्रियांचा अभ्यास आहे. दुकानातील एका अनुभवी विक्रेतीच्या शिफारशीवर विसंबून पुस्तके निवडणाऱ्या या स्त्रियांना सुखाचा शेवट अत्यावश्यक वाटे आणि क्रूर नायक त्यांना खपत नसे. त्यांची ही कसोटी त्या साहित्यप्रकाराला धरूनच होती. मराठी प्रेमकादंबरीने मात्र असे वचन वाचकाला कधीच दिलेले नाही. ताटातुटीवर संपणाऱ्या कितीतरी कादंबऱ्या आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आवडीने वाचल्या गेल्या. गोव्यातल्या अनेक घरांत आई मराठी आणि मुलगी इंग्रजी प्रेमकादंबरी वाचते. मुलीने कधी आईचे पुस्तक उघडले आणि शेवट दुःखाचा म्हणून एक तारा दिला, तर तो मापाचा घोळ आहे, पुस्तकाचा दोष नव्हे. पण कारण छापलेच नाही, तर हा घोळ कोणाला दिसणार?

दुसरी खोड आहे एका प्रसंगावरून पुस्तक निकालात काढण्याची. गोव्यातल्या काकोड्याचे नाव आडनावात वागवणारे लोकप्रिय कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर यांच्यावर 1962 सालच्या एका दिवाळी अंकातील कथेवरून अश्लीलतेचा खटला चालला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये ते निर्दोष सुटले. आक्षेपार्ह वाटणारा भाग वेगळा तपासावा, पण साहित्यकृतीचा विचार समग्रपणे करावा, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. चाळून परत केलेल्या पुस्तकावर ‘घाणेरडे’ एवढाच शेरा दिसला, की मला नेहमी हा निकाल आठवत असे.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे, की प्रत्येक कौलाखाली वाचकाची दोन वाक्ये छापावीत: पुस्तक शेवटपर्यंत वाचले का, आणि त्यातील प्रेम कोठे पटले किंवा कोठे फसले. त्यासाठी जागा कमी पडली, तर आठवड्याला दहाऐवजी चारच पुस्तके घ्यावीत.

खोडण्यापूर्वी मी काही शेरे एका दोनशेपानी वहीत उतरवून ठेवत असे. त्यांत लिहिणाऱ्यांची नावे नाहीत. सदरासाठी उपयोग होणार असेल, तर ती वही मी आपल्या फोंडा येथील वार्ताहरांकडे सुपूर्द करीन. वाचून झाल्यावर तेवढी परत मिळावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी, फोंडा