‘पुढे त्यांनी धर्मांतर केले’ या एका ओळीबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

९ मे ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुण्यतिथी. आपल्या पेपरानं त्या दिवशी आतल्या पानावर का होईना, त्यांच्यावर लेख छापला, वर फोटोही दिला, याबद्दल आधी मनापासून आभार. ते पान मी कापून बायबलमध्ये ठेवलं आहे. पण त्यातलं एक वाक्य तेव्हापासून टोचत राहिलं, म्हणून हे पत्र. लेखकानं टिळकांचं कोकणातलं जन्मगाव सांगितलं, संस्कृतचा व्यासंग सांगितला, जखमी पाखरावरची ती कविता आठवली, ‘फुलामुलांचे कवी’ ही ओळखही दिली. सगळं नीट. मग लिहिलं, “पुढे त्यांनी धर्मांतर केले.” आणि पुढच्या परिच्छेदात टिळक वारले.

संपादकसाहेब, त्या एका ओळीत चोवीस वर्षं गडप झाली. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, ९ मे १९१९ ला मृत्यू. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना टिळक लागतात ते या चोवीस वर्षांसाठी.

मी सत्तरी ओलांडलेली, निवृत्त नर्स. आजोबा नगर जिल्ह्यातले, मिशनच्या शाळेत अक्षर शिकलेले. वडील कंपाउंडर म्हणून इंदुरात आले आणि इथलेच झाले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशननं १८८७ मध्ये इथं ख्रिश्चन कॉलेज काढलं, दवाखाने काढले, त्या निमित्तानं आमच्यासारखी काही घरं या होळकरांच्या गावात रुजली. आता मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, उपासना हिंदीत होते आणि ते बरोबरच आहे, कारण बसणारे बहुतेक हिंदी बोलणारे. मराठी उरली ती गुरुवारच्या संध्याकाळी, माझ्या घरच्या प्रार्थनासभेत. आठ-दहा माणसं असतो. आजोबांचं गाण्यांचं पुस्तक आहे, पाठीचा कणा निसटलेला, पानांना रॉकेलचा डाग, आणि त्यात टिळकांची गाणी. डोळे मिटून म्हणता येतात, पण मी पुस्तक उघडतेच. आजोबांनी जिथं जिथं पेन्सिलीनं ‘सावकाश’ असं लिहिलंय, तिथं बोट ठेवते.

अकरा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या काकू, वारकरी घरातल्या, पंढरीची माळ गळ्यात, एका गुरुवारी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. त्या म्हणाल्या, “अहो, हा तर अभंग आहे. आणि तुम्ही नुसत्या टाळ्या काय वाजवता?” घरी गेल्या आणि आपले टाळ घेऊन आल्या. लाल दोरीचे, हातात धरायच्या जागी दोरी काळपट पडलेली. त्या दिवसापासून दर गुरुवारी ते टाळ आमच्याकडे येतात आणि रात्री परत जातात. काकूंनी कधी आमचा धर्म विचारला नाही, आम्ही त्यांना कधी ओढलं नाही.

टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होते. त्याचा अर्थ काकूंचे टाळ घरात वाजले तेव्हा लागला. टिळकांनी ख्रिस्ताला घरी आणलं ते कीर्तनातून, ओवीतून, अभंगातून. त्या काळी आमच्या देवळांत इंग्रजी चालींवर बसवलेली, शब्द ओढूनताणून जुळवलेली गाणी म्हटली जात. ती ज्यांना जिभेवर परकी वाटत, त्यांच्या तोंडी त्यांनी आईच्या दुधाची भाषा दिली. आज कुठल्याही मराठी मंडळीचं ‘उपासना संगीत’ हे गाण्यांचं पुस्तक उघडा, टिळक भेटतात.

पण मला आज त्यांच्या गाण्यांपेक्षा त्यांच्या शिष्यत्वाबद्दल लिहायचं आहे. ‘शिष्यत्व’ हा आमच्या मंडळीतला रोजचा शब्द. पाळक, म्हणजे पाद्री, तो वापरतात, तरुणांच्या शिबिरात त्यावर वर्ग घेतात. आणि थोर उपदेशकांची चरित्रं सांगायची वेळ आली की आम्ही काय सांगतो? किती गावं फिरला, किती हजारांपुढे बोलला, किती जणांचा बाप्तिस्मा झाला. मीही तरुणपणी अशाच गोष्टी ऐकून भारावत असे. टिळकांकडे त्या मापानं पाहिलं तर त्यांची खरी परीक्षा कुठं झाली ते दिसतच नाही. ती झाली त्यांच्या घरात.

१८९३ मध्ये आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थानं त्यांना बायबलमधला नवा करार दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तो माणूस संस्कृत काव्याबद्दल आदरानं बोलला, म्हणून टिळक त्याच्याशी बोलले. त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते त्यांना खाली ठेवता येईना. दोन वर्षांत ते ख्रिस्ती झाले. आपण इथं टाळ्या वाजवतो. पण त्याच वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आलं? चित्पावन घरातली बाई, कडकडीत सोवळ्यात वाढलेली, कडेवर लहान मुलगा, आणि नवरा बाटल्याची बातमी. त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, पंढरपुरात राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या. हे सगळं त्यांनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, एका शब्दानं नवऱ्याला न झाकता. टिळक तापट होते, लहरी होते, मनात आलं की घर सोडून निघत, हातात पैसा टिकत नसे. अशा माणसानं ती वर्षं काय केलं असेल? पत्रं लिहिली. वाट पाहिली. तापट माणसाला वाट पाहणं किती जड जातं, हे तापट माणसालाच ठाऊक.

आणि लक्ष्मीबाई परत आल्यावरही त्यांनी सोवळं लगेच सोडलं नाही. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात बायको वेगळं रांधतेय. बाहेर लोक काय म्हणत असतील! स्वतःच्या घरात ज्याला जमत नाही तो बाहेर काय सांगणार, असं म्हणणारे तेव्हाही असतीलच. टिळकांनी ते चालू दिलं. लक्ष्मीबाईंचा विचार आपल्या वाटेनं बदलला. देवानं माणूस केला, जाती माणसांनी केल्या, हे त्यांना स्वतःला पटलं तेव्हाच त्यांनी दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. त्याच सुमारास छप्पनचा (संवत १९५६ चा) दुष्काळ पडला होता आणि पोरकी मुलं या दोघांच्या घरी जेवत होती.

हे मी एवढ्या जोरात का लिहितेय, ते सांगते. मला हे वेळेवर कळलं नव्हतं.

माझा धाकटा मुलगा बाविसाव्या वर्षी मंडळीत यायचा बंद झाला. भांडण नाही, काही नाही, नुसतं “आई, मला आतून वाटत नाही” एवढंच. पावसाळ्यातला रविवार होता. मी भुट्ट्याचा कीस केला होता, त्याला फार आवडायचा. सकाळपासून कणसं किसून हात चिकट झाले होते. तो मोरीतून तोंड धुऊन आला, पाटावर बसला, आणि मी कढईवर झाकण ठेवलं. म्हणाले, “आधी उपासना, मग ताट.” तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, चपला घातल्या. मला वाटलं, देवळाकडे निघाला. तो स्टेशनवर गेला. मित्राकडे पुण्याला. ती कढई संध्याकाळपर्यंत झाकलेली तशीच होती. रात्री ड्यूटीवर जाताना मी कीस गाईला घातला.

दोन वर्षं तो आला नाही. फोन केला तर दोन वाक्यं. वॉर्डात परक्यांची मुलं तापात बडबडताना मी त्यांच्या कपाळावर हात ठेवत होते, आणि माझं पोर परगावी मेसचं जेवत होतं. त्या दिवसांत रात्रपाळीत ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायला घेतलं. पहिल्यांदा वाचलं होतं तेव्हा हसण्यासाठी वाचलं होतं, कारण त्यात हसू फार आहे. या वेळी टिळकांची ती वाट पाहण्याची वर्षं वाचली आणि पुस्तक मिटून बसले. माझ्या हातात वधस्तंभ नव्हता, झाकण होतं.

मग दर शनिवारी मी त्याला आंतरदेशीय पत्र लिहायला लागले. देवाचं नाव, मंडळीचं नाव काढायचं नाही, असं ठरवलं. पाऊस कसा झाला, पाणी किती दिवसांआड येतंय, सराफ्यात काय महागलं, शेजारच्या काकूंचा गुडघा. आधी फार खोटं वाटायचं, कारण मनात भलतंच असायचं. पुढं पुढं मलाच त्या पत्रांची ओढ लागली. माझी प्रार्थना तोवर “त्याला फिरव” अशी असे. पत्रं लिहिता लिहिता “त्याला बरं ठेव” एवढीच उरली. त्यानं पहिलं उत्तर सात महिन्यांनी पाठवलं. त्यात फक्त विचारलं होतं की काकूंचा गुडघा आता कसा आहे.

तो आता इंदुरातच आहे, संसार आहे. गुरुवारी आम्ही गात असताना तो ओट्यावर बसतो, मोबाइल बघतो. आत येत नाही. मी बोलावत नाही. ताट त्याचं आधी वाढते.

टिळकांचा शेवटचा टप्पाही त्या लेखात यायला हवा होता. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढं, नाव झालेलं, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन हाती. हे सगळं असताना त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. आमच्यातल्या काहींना हे आजही जड जातं, मला माहीत आहे. बाप्तिस्मा झाल्याशिवाय शिष्य कसा, असं विचारतात. प्रश्न खोटा नाही. बाप्तिस्मा मी हलका मानत नाही, माझ्या तीन मुलांचा झालाय. पण टिळक परदेशी पगार बाजूला ठेवून, आपल्या मातीतल्या माणसांत भगव्या वाटेनं गेले ते कशासाठी, हे आम्ही नीट वाचलेलंच नाही. पुढं दोन वर्षांतच ते गेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं आणि ते बहुतेक सगळं पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांच्या शाळेचा पत्ता नव्हता आणि ज्यांना एके काळी ख्रिस्ताचं नाव ऐकवत नव्हतं त्यांनी. टिळकांनी केलेलं सगळ्यात मोठं प्रवचन कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी या बाईंकडे बोट दाखवीन.

आता आपल्याकडे दोन मागणं. ६ डिसेंबरला टिळकांची जयंती येते. त्या दिवशी त्यांच्या फुलांच्या कवितेसोबत त्यांचा एखादा अभंगही छापावा, मोठ्या टाइपात. आमच्या नातवंडांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, हिंदी शाळेतला ‘ळ’ अडतो. पेपरातलं मोठं अक्षर भिंतीला चिकटवून मी शिकवीन. दुसरं, इंदुरातल्या मराठी मंडळांना आपल्यामार्फत विनंती. गणेशोत्सवात, शारदोत्सवात कीर्तनं ठेवता, त्यात एखाद्या वर्षी टिळकांच्या रचनांचं कीर्तन ठेवा. कीर्तनकार ख्रिस्तीच हवा असं नाही.

आणि आमच्या मंडळीतल्या माझ्या भावा-बहिणींना, विशेषतः ज्यांच्या घरात एखादं माणूस ओट्यावर बसलेलं आहे त्यांना, एकच सांगते की ‘स्मृतिचित्रे’ वाचा, टिळक परत कसे मिळाले ते लक्ष्मीबाईंच्या तोंडून ऐका, आणि तोवर कढईवरचं झाकण काढून ठेवा.

काकू गेल्या महिन्यापासून अंथरुणावर आहेत. टाळ त्यांच्या नातीनं आणून दिले, म्हणाली, आजीनं सांगितलंय की रात्री परत न्यायचे नाहीत, तिकडेच राहू द्या. ते खुंटीला टांगलेत. मागच्या गुरुवारी गाणं सुरू झालं आणि टाळ वाजवायला कुणी नव्हतं. माझे हात आता थरथरतात. ओट्यावरून मुलगा उठून आत आला, खुंटीवरून टाळ काढले, दारातच उभा राहून ठेका धरला, आणि गाणं संपल्यावर जागच्या जागी अडकवून परत बाहेर गेला.

आपली नम्र,
एक वाचक, इंदूर